महेश्वरच्या पायाचा अंगठा

आमच्या घरी दर रविवारी मटण शिजतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे सांगणार आहे त्याच्याशी त्याचा संबंध आहे. मी करमाळ्याकडची. नवऱ्याच्या नोकरीमुळं सोलापुरात आले आणि त्यांच्या माघारी इथंच राहिले. मध्यंतरी सगळ्या तपासण्या करून घेतल्या, तर माझं युरिक ॲसिड अगदी जागच्या जागी निघालं. आणि आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारा महेश्वर, ज्यानं जन्मात अंडं फोडलेलं नाही, श्रावणात ज्याच्या घरात कांदासुद्धा येत नाही, त्याचं मात्र वाढलं. तेवढ्यावरून आमच्या गल्लीनं त्याला दारुड्या ठरवलं. ही गोष्ट मी रागानंच सांगणार आहे. शांतपणे सांगायला मला जमणार नाही, आणि जमवायचंही नाही.

महेश्वरचं शेंगाचटणीचं दुकान आहे. मशीनची चटणी आणि उखळात कुटलेली चटणी अशा दोन्ही तो विकतो, आणि कुठली कुठली ते गिऱ्हाइकानं न विचारताच सांगतो. असा माणूस धंद्यात किती वर जाणार? अंगानं जाड, चालणं सावकाश, बोलणं त्याहून सावकाश. मी वयानं मोठी म्हणून मला ताई म्हणतो. मी त्याच्यावर आवाज चढवला की हसतो. भांडायला अगदी निरुपयोगी शेजारी.

पण संक्रांतीच्या आधी दोन-अडीच महिने हाच माणूस बदलून जायचा. सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत, म्हणजे देवाच्या लग्नाच्या सोहळ्यात, नंदीध्वज निघतात. घरांच्या वर जाईल अशी उंच, जड काठी, तिचं बूड कमरेच्या पट्ट्यात रोवायचं, दोन्ही हातांनी तोल धरायचा आणि अंगात पांढरी बाराबंदी घालून अनवाणी चालायचं. आमच्या गल्लीतल्या मंडळींच्या वाट्याला एक टप्पा येतो. महेश्वरचे वडील तो चालायचे, मग महेश्वर चालू लागला. दिवाळी झाली की सराव सुरू, आणि सराव सुरू झाला की त्याच्या पायातली चप्पल जायची. सोमवारचे उपास कडक व्हायचे, एरवीही एकच वेळ जेवण. मी चिडवायची, "काय महेश्वर, लग्न देवाचं आणि बारीक तुम्ही होताय!" तो म्हणायचा, "ताई, आंग हलकं आसलं की काठी हलकी वाटती."

त्याला दुसरी कुठली हौस नव्हती. गावाला जाणं नाही, सिनेमा नाही. वर्षातून एकदा ती काठी कमरेला लागली की त्याचं वर्ष भरलं. आणि ती फक्त ताकदीची गोष्ट नव्हती. काठी धरणारा माणूस स्वच्छ आहे, असं सगळ्यांनी न बोलता मान्य केलेलं असतं. बसव्वा, त्याची बायको, ती बाराबंदी स्वतःच्या हातानं धुवायची, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही.

आता अण्णारावबद्दल. अण्णाराव म्हणजे महेश्वरचा लहानपणापासूनचा दोस्त. तीन टेंपो आहेत त्याचे. गल्लीच्या मंडळाचा सगळा कारभार त्याच्याकडं. सरावाला मैदान मिळवणं, पोरांचे कपडे, प्रसादाची भांडी, पोलिसांशी बोलणं, सगळं अण्णाराव. बोलण्यात गोड, कामाला वाघ. आणि शनिवारी संध्याकाळी विजापूर रोडच्या एका ढाब्यावर जाऊन पिणारा. घरी बायकोला, शांतम्माला, सांगायचा, "महेश्वरकडं बसलो होतो."

आणि शांतम्मा दुसऱ्या दिवशी चटणी घ्यायच्या निमित्तानं दुकानात यायची. "भावजी, काल हे तुमच्याकडंच होते न्हवं?"

महेश्वर म्हणायचा, "व्हय वैनी. माज्याकडंच होता."

हे मी माझ्या कानांनी कितीदा ऐकलंय. शनिवारी संध्याकाळी महेश्वर दुकान बंद करून ओट्यावर एकटा बसलेला मला दिसायचा, आणि रविवारी सकाळी मी त्याच्या तोंडून हे ऐकायची. एकदा न राहवून म्हटलं, "कशाला हो खोटं बोलता त्याच्यासाठी?"

"संसार हाय की त्याचा, ताई. माज्या एका शब्दानं टिकत आसंल तर टिकू दे."

मी म्हटलं, "एक दिवस अंगाशी येईल." त्यावर तो नेहमीसारखा हसला. अंगाशी कसं यायचं, ते मलाही तेव्हा कुठं माहीत होतं!

*

सराव रंगात आला होता आणि एका पहाटे महेश्वरच्या उजव्या पायाचा अंगठा सुजला. साधासुधा नाही. लाल, तापलेला, आणि पांघरुणाचं टोक लागलं तरी माणूस ओरडेल असा. ओरडणारा माणूस नाही तो, पण त्याचं ओरडणं मला भिंतीतून ऐकू आलं. बसव्वाला वाटलं विंचू चावला. तिनं अख्खं अंथरूण झटकून काढलं.

नाक्यावरच्या दवाखान्यात रक्त तपासलं. युरिक ॲसिड सातच्या आत पाहिजे, त्याचं नऊच्या वर. तिथल्या डॉक्टरांना घाई होती. बाहेर गर्दी, दार उघडं. त्यांनी कागद बघितला आणि मोठ्यानं म्हणाले, "काय काका, पार्ट्या जोरात दिसतात! मटण-दारू बंद करा आता." बाकावरची माणसं हसली. महेश्वरही हसला. आपण पीत नाही, खात नाही, हे सांगायला तोंड उघडावं तर पुढचा पेशंट आत आलेला. हसून बाहेर आला, ते हसणं लोकांनी कबुली धरलं. त्या हसण्याचा मला आजही संताप येतो.

घरी आल्यावर बसव्वानं विचारलं, काय निघालं? तो म्हणाला, "ॲसिड वाढलंय." बसव्वाला ॲसिड म्हणजे एकच ठाऊक, पित्त. घराघरात ॲसिडिटीला ॲसिडच म्हणतात की. तिनं लगेच तिखट बंद केलं, आणि पित्त उतरावं म्हणून कोपऱ्यावरच्या गाड्यावरून रोज दोन वेळा लिंबू-सोडा आणून द्यायला लागली, भरपूर साखर घालून. मग नातेवाईक आले. एकानं सांगितलं टोमॅटो बंद, दुसऱ्यानं डाळ बंद, तिसरा म्हणाला शेंगा विष आहेत. चटणीवाल्याच्या घरात शेंगा विष! महेश्वर भाकरी आणि सोड्यावर जगू लागला. अंगठा जरा उतरायचा, पुन्हा पेटायचा.

त्याला काळजी एकच, सरावाची. ती त्यानं एकाच माणसाला सांगितली. दवाखान्याचा कागद अण्णारावला दाखवला, डॉक्टर काय म्हणाले तेही सांगितलं, आणि वर म्हणाला, "कुणाला बोलू नगो. पाय उतरला की येतोच मी."

दोन दिवसांत गल्लीला माहीत.

कसं माहीत झालं ते मी नंतर शांतम्माकडूनच काढून घेतलं. त्याच शनिवारी अण्णाराव जरा जास्तच घेऊन आला होता. तोंडाचा वास लपेना. शांतम्मानं धरलं, तेव्हा म्हणाला, "मी कुटं पितो? महेश्वर पितो. त्याच्या बाजूला बसून वास लागतो. बघ की, त्याचं ॲसिड वाढलंय. डॉक्टरनं तोंडावर सांगितलं." म्हणजे इतकी वर्षं महेश्वरनं जे खोटं त्याच्यासाठी जपलं होतं, ते त्यानं उलटं करून त्याच्याच गळ्यात अडकवलं. शनिवारी दोघं एकत्र बसतात, हे तर महेश्वर स्वतःच सांगत आला होता. आता नाही म्हणायला त्याला तोंडच उरलं नव्हतं.

बायकांत बोलणं सुरू झालं. मग पोरांत. दुकानासमोरून जाताना कुणी उगाच खाकरायचं. एकानं तर विचारलं, "काका, चटणीसंगट काय घेता?" महेश्वर चटणी तोलत राहिला.

आणि बसव्वा. तिच्यावर मी रागवू का नको, मला अजून ठरवता येत नाही. तिनं तोंडानं काही विचारलं नाही. पण एका दुपारी तो खोलीत आला, तर ती त्याचा काढून ठेवलेला शर्ट नाकाला लावून उभी होती. वास घेत होती. दोघांची नजरानजर झाली. तिनं शर्ट खाली ठेवला आणि म्हणाली, "धुवायला घेत होते." त्यानं मान हलवली आणि लंगडत बाहेर गेला. हे तिनंच मला सांगितलं, रडत. म्हणाली, "ताई, मी काय करू? सगळेच म्हनतात. यवढी वर्षं मी झोपलेली आसंन तर?"

मी म्हटलं, "बसव्वा, भिंतीपलीकडं मी राहते. तुमच्या घरात भांडं पडलं तरी मला ऐकू येतं. शनिवारी तो ओट्यावर बसतो, एकटा, हे मी बघते. तू बघत नाहीस?"

ती म्हणाली, "शनिवारी मी भजनाला आसते." तेही खरंच होतं.

*

मंडळाच्या खोलीत बैठक बसली. आप्पा सगळ्यांत वडीलधारे, त्यांच्या शब्दाबाहेर कुणी जात नाही. पुरुष सतरंजीवर, आम्ही बायका दारात. महेश्वर भिंतीला टेकून पाय लांब करून बसला होता, कारण मांडी घालता येत नव्हती. तेही कुणाला तरी उद्धटपणाचं वाटलं.

आप्पा म्हणाले, "महेश्वर, लोक बोलायलेत. आमी कानावर हात ठेवून बसणार किती? तू सांग."

"आप्पा, गळ्यात लिंग हाय माज्या. मी कशाला हात लावलेला न्हाई."

"मग ॲसिड कुटनं आलं?"

खोलीत कुणी हसलं नाही. खरोखरच सगळ्यांना तो बिनतोड प्रश्न वाटला. महेश्वरला उत्तर माहीत नव्हतं. त्याला कसं माहीत असणार? त्याला तर स्वतःलाच पडलेलं कोडं होतं ते. मला राहवलं नाही. मी दारातून म्हटलं, "मी दर रविवारी मटण खाते आप्पा, माझं नाही वाढलं. ते कुठं गेलं?" पोरं फिदीफिदी हसली. शनिवारच्या ओट्याचं मी सांगायच्या आतच आप्पांनी माझ्याकडं न बघता अण्णारावकडं तोंड वळवलं.

"अण्णाराव, शनिवारी तू ह्याच्यासंगट आसतोस. तूच सांग बाबा."

एक शब्द पुरला असता. "न्हाई" एवढाच. त्यासाठी स्वतःचं काही सांगायचीही गरज नव्हती. नुसतं 'मी त्याला पिताना कधी बघितलं न्हाई' म्हणाला असता तरी भागलं असतं. अण्णाराव सतरंजीचा दोरा ओढत राहिला. महेश्वर त्याच्याकडं बघत होता, आणि देवाशपथ सांगते, त्याच्या तोंडावर भीती नव्हती. अगदी निर्धास्त होता तो. आता हा बोलेल आणि संपेल, असा.

अण्णाराव म्हणाला, "मी काय बोलू आप्पा? लहानपणचा दोस्त हाय माजा. माणूस हाय, चुकतो. ह्या वर्षी त्याला इसावा घेऊ द्या."

आवाजात काय माया होती! ऐकणाऱ्याला वाटावं, मित्राची लाज झाकतोय बिचारा. मी महेश्वरकडं बघितलं. तो पहिल्यांदा गोंधळल्यासारखा दिसला. मग त्यानं लांब केलेला पाय हातानं उचलून जवळ घेतला. त्याच्या टप्प्याची काठी अण्णारावच्या मुलाला, मंजुनाथला, द्यायचं ठरलं. मंजुनाथ चांगला पोरगा आहे, महेश्वरनंच त्याला तोल शिकवला होता. त्याची काही चूक नाही, पण त्या दिवशी मला तोही आवडला नाही.

घरी येताना मी विचारलं, "तिथंच का नाही सांगितलंत, की तो कुठं जातो ते?"

"सांगून काय, ताई? मीच इतकी वर्षं सांगत आलोय की माज्याकडं आसतो म्हणून. एक तर तवा खोटा, न्हाईतर आता खोटा. कुनीकडनं बी खोटा मीच."

*

महेश्वरला आणि बसव्वाला मी जुळे सोलापूर भागात नेलं. माझ्या भाचीची मैत्रीण, डॉक्टर सृष्टी, तिचा तिथं दवाखाना आहे. लहान पोरगी, पण तिनं आधी दार लावलं आणि मग विचारायला सुरुवात केली. मला तेवढ्यावरच ती आवडली.

तिनं तो काय खातो हे सगळ्यात शेवटी विचारलं. आधी विचारलं कुठल्या गोळ्या चालू आहेत. महेश्वरनं खिशातून ब्लडप्रेशरच्या गोळीची पट्टी काढली. तिनं ती उलटून मागचं बारीक अक्षर वाचलं. "ही कधीपासून?"

"पावसाळ्यापासनं. आधीची बदलून दिली."

"या गोळीत लघवीवाटे पाणी काढणारं औषध आहे. प्रेशरला चांगलं असतं, पण काही लोकांत त्यानं युरिक ॲसिड वाढतं. मनानं बंद करू नका, मी बदलून देते." मग ती एकेक विचारत गेली. सरावाच्या दिवसांत पाणी किती पिता? तो म्हणाला, फार नाही, काठी कमरेला असताना मधेच जायला लागू नये म्हणून. उपास? सोमवारी निर्जळी. जेवण? एकच वेळ. वजन उतरलं का? उतरलं की, झपाट्यानं. आणि हे ॲसिड वाढल्यापासून काय काय केलंत? त्यावर बसव्वा मोठ्या अभिमानानं म्हणाली, "रोज दोन येळा लिंबू-सोडा देते, साखर घालून."

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं.

ती म्हणाली, "मावशी, हे पोटातलं ॲसिड नाही. हे रक्तातलं. शरीर स्वतःच ते रोज तयार करतं आणि मूत्रपिंडं ते लघवीतून बाहेर टाकतात. बाहेर कमी पडलं, की साठतं, आणि सांध्यात त्याचे बारीक सुईसारखे खडे होतात. बहुतेक वेळा अंगठ्यातच. मटण, कलेजी, दारू यानं ते वाढतं हे खरं आहे. पण साखरेच्या पेयांनीही वाढतं. पाणी कमी प्यायलं की वाढतं. कडक उपास केला, वजन एकदम उतरवलं, की वाढतं. आणि वजन फार असलं तरी वाढतं. घरात कुणाला होतं का असं?"

महेश्वरनं आठवून बघितलं. मग म्हणाला, "वडलांचा पाय सुजायचा. वात म्हणायचे त्याला."

"ते खायचे का मटण?"

"अय्यो, शिव शिव!" बसव्वा म्हणाली.

"मग झालं तर. घरातूनच आलंय थोडं, बाकीचं तुम्ही या दोन महिन्यांत जमा केलं."

काय झालं होतं ते मला तिथं खुर्चीवर बसल्या-बसल्या उमगलं. त्याच्या उपासानं, त्याच्या तहान मारण्यानं, त्याच्या नेमानं त्याला दारुड्या ठरवलं होतं. जेवढा तो शुद्ध व्हायला गेला तेवढा त्याचा अंगठा सुजला. मला हसू यायला हवं होतं, पण डोळ्यांत पाणी आलं.

डॉक्टरनं सगळं साध्या शब्दांत सांगितलं. सोडा, सरबत, बाटलीतलं गोड काहीही नको. दिवसभर थोडं थोडं पाणी प्या, निर्जळी उपास बंद. दूध, ताक चालेल. डाळ, शेंगा, टोमॅटो खुशाल खा, त्यांना उगाच बदनाम केलंय. वजन उतरवा पण हळूहळू. दुखेल तेव्हा पाय उंच ठेवा, बर्फाचा शेक द्या. दुखण्याची गोळी दिली, आणि सूज उतरल्यावर ॲसिड कमी करणारी दुसरी गोळी अगदी थोड्या प्रमाणात सुरू करायची ठरवली. ती रोज घ्यायची, दुखायचं थांबलं म्हणून सोडायची नाही. मूत्रपिंडाचीही तपासणी लिहून दिली.

निघताना महेश्वरनं विचारलं, "म्हंजे मी पीत न्हाई, हे तुमाला पटलं?"

ती पोरगी गोंधळली. म्हणाली, "काका, तुम्ही सांगितलंत ना. मग?"

रिक्षात बसल्यावर बसव्वानं त्याचा हात धरला आणि भर रस्त्यात रडायला लागली. तो म्हणाला, "आसू दे. तुजा काय दोष?" पण हात त्यानं थोड्या वेळानं काढून घेतला. मी बाहेरच्या फ्लॅटच्या पाट्या वाचत बसले.

*

मी गप्प बसणारी नाही. दुसऱ्याच दिवशी आप्पांच्या घरी गेले आणि डॉक्टरनं सांगितलेलं एकूण एक ऐकवलं. पित्त आणि सोड्याचं ऐकून आप्पा हसलेसुद्धा. म्हणाले, "आसं हाय व्हय! मग प्रश्नच मिटला. येऊ दे की महेश्वरला. त्याची काठी त्यालाच." इतक्या सहज. जणू कुणाची छत्री चुकून नेली होती आणि आता परत देत होते.

महेश्वर म्हणाला, "डॉक्टरनं सांगितलं म्हणून नगो, ताई. अण्णारावनं सांगावं. तेवढंच. चारचौघांत बोलला हाय, चारचौघांत सांगावं, की ह्याला मी कधी पिताना बघितलं न्हाई."

निरोप गेला. अण्णारावचा उलट निरोप आला, 'बघू.' तो दुकानाकडं फिरकला नाही. महेश्वर मात्र रोज संध्याकाळी रस्त्याकडं बघायचा. त्याला खरंच वाटत होतं, की अण्णाराव येईल. फसवलं गेलेल्या माणसाची ही आशा मला सगळ्यात जास्त छळते. शिव्या देईल तर बरं वाटेल, पण हा वाट बघत बसणार.

अंगठा उतरला. पाय जमिनीवर पूर्ण टेकायला लागला. यात्रेआधीच्या शेवटच्या सरावाला तो गेला, अण्णाराव निदान तिथं चारचौघांत बोलेल या आशेनं. बसव्वानं बाराबंदी काढून दिली, धुतलेली, खळ दिलेली. मैदानाच्या कडेला आम्ही बायका उभ्या होतो. महेश्वरनं कमरेला पट्टा बांधला. पोरांनी काठी उभी धरली. आता फक्त तिचं बूड पट्ट्यात यायचं बाकी होतं. तेवढ्यात मंजुनाथ इकडं-तिकडं बघत आला. दिवस शनिवार होता आणि त्याचा बाप कुठं दिसत नव्हता. टेंपोच्या किल्ल्या बापाकडं राहिल्या होत्या.

"काका, बाबा तुमच्याकडं हायत म्हणून आई म्हनाली. घरी बसलेत का?"

महेश्वरच्या एका बाजूला काठी, समोर तो पोरगा. सगळी मंडळी तिथंच. मला वाटलं, आताही हा म्हणणार, 'व्हय, माज्याकडं हाय.' त्याच्या ओठावर ते आलेलंही मी बघितलं. मग तो सावकाश म्हणाला, "न्हाई बाळा. माज्याकडं न्हाई. माज्याकडं तो कधीच नसायचा. एक शनिवार बी न्हाई."

एकदाचं बोलला. आता या लोकांच्या पायाखालची जमीन हलणार, असं मला वाटलं.

काहीच हललं नाही. मंजुनाथनं मान खाली घातली. बाकीचे काठीच्या दोऱ्या आवळायला लागले. एकाही माणसानं 'मग कुठं असायचा?' असं विचारलं नाही.

महेश्वरनं एकेकाच्या तोंडाकडं बघितलं. मग आप्पांकडं वळला. "आप्पा, ऐकलं न्हवं?"

आप्पा जवळ आले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हळू आवाजात म्हणाले, "म्हाईत हाय रे. विजापूर रोडच्या ढाब्यात बसलेला आमी सगळ्यांनी बघितलाय त्याला. एकटाच आसतो."

"एकटा?"

"व्हय की."

"मग त्या दिवशी बैठकीत..."

"अण्णारावला दुखवून मंडळ कसं चालंल? गाड्या त्याच्या, परवानगी त्यो आनतो, पोरं त्याच्या शब्दात. यात्रा तोंडावर. तू समजूतदार मानूस. वाटलं, तू घेशील समजून." आणि खांद्यावर थोपटून म्हणाले, "चल, झालं गेलं इसर. लाव काठी. उजेड जायच्या आत एक फेरी व्हायला पायजे."

मी पुढं झाले होते. माझ्या तोंडात काय काय आलं होतं ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण महेश्वरनं माझ्याकडं बघून नुसता हात वर केला. मग कमरेचा पट्टा सोडला. घाई नाही, राग नाही. बक्कल अडकलं होतं ते नीट काढलं. पट्टा मंजुनाथच्या हातात दिला, त्याला म्हणाला, "वारा डावीकडनं हाय, ध्यान ठेव," आणि मैदानातून चालू लागला. मागून आप्पांनी दोनदा हाक मारली. पोरं कुजबुजली, पाय दुखला वाटतं, अजून बरा नाही झाला.

बसव्वा धावत त्याच्या मागं गेली. मीही गेले. रस्त्याला लागल्यावर तिनं त्याला गाठलं आणि खाली वाकून त्याच्या अंगठ्याकडं बघत घाबऱ्या घाबऱ्या विचारलं, "काय वो, पाय दुखायला लागला का पुन्ना?"

"न्हाई," महेश्वर म्हणाला. "पाय बरा हाय."